जिन्यातला तिसरा सीन

सरांनी स्क्रिप्टची चार पानं वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?"

"मीच लिहिलंय, सर."

"लिहिलंय तू. घडलंय कोणासोबत?"

मला खोटं बोलता येत नाही असं मुळीच नाही. एके काळी मी दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन, बस पकडून क्लासला निघायचे आणि क्लासला जायचेच नाही. पण ते सगळं तयारीनिशी. अचानक कोणी विचारलं की माझ्या तोंडून खरं निसटतं. "माझ्यासोबत," मी म्हणाले. "मी आणि माझी मैत्रीण."

"मग तिची सही आण," सर म्हणाले. आमच्या विभागाचा नियम आहे. खऱ्या माणसावर फिल्म करायची तर त्या माणसाची लेखी परवानगी जोडायची, नाहीतर फिल्म जमा करून घेत नाहीत आणि शेवटच्या सेमिस्टरचा निकाल अडकतो. त्यांनी ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढून दिला आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. "मिळेल ना?"

"मिळेल की, सर."

साडेतीन वर्षांत त्या मैत्रिणीशी मी एक शब्द बोलले नव्हते. तिचा नंबर होता माझ्याकडे, पण तो अजून चालतो की नाही हेही ठाऊक नव्हतं. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि फॉर्म चार वेळा वाचला. 'मला या चित्रपटाची पूर्ण कल्पना देण्यात आली असून माझी कोणतीही हरकत नाही.' हरकत नाही म्हणे.

फिल्म सात मिनिटांची होती. विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. कोणी मोबाइलवरची फसवणूक घेतली, कोणी तलावातली घाण, आणि मी मोठ्या धीराने सांगितलं, तुटलेली मैत्री परत जोडणं. ऐकायला छान वाटतं. खरं सांगायचं तर मला ती फिल्म करायची होती कारण तिच्या शेवटी ती मैत्रीण माझी माफी मागणार होती. प्रत्यक्षात कोणी मागत नाही म्हटल्यावर निदान कागदावर तरी मागवून घ्यावी, इतका साधा विचार होता माझा.

आता ती कोण हे सांगते. आम्ही दोघी कोराडीच्या कॉलनीत वाढलो. दोघींचे बाबा वीज केंद्रात नोकरीला, क्वार्टर एकाच मजल्यावर, दारासमोर दार. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख उडायला लागली की जिची आई घरी असेल ती दोन्ही घरचे कपडे आत घ्यायची. शाळेत एक बाक, बसमध्ये एक सीट, आणि गणितात दोघींनाही सारखेच वाईट मार्क. त्यांचं घर बौद्ध, आमचं हिंदू, आणि त्याने आपल्याला काही फरक पडत नाही असं आमच्या घरात सगळे जण बरेचदा म्हणायचे. ते इतक्या वेळा का म्हणावं लागायचं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

बारावीनंतर बाबांनी मला इंजिनीअरिंगच्या परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घ्यायला लावलं आणि शहरातल्या एका क्लासला घातलं. ऑगस्टमध्ये मी क्लास सोडला. सोडला, पण सांगितलं कोणालाच नाही. रोज बसने शहरात जायचे, एका वाचनालयात बसून सिनेमाविषयीची पुस्तकं वाचायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. हे फक्त तिला माहीत होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी मी बिल्डिंगमध्ये सोनं वाटून घरी आले तर आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. न वळता म्हणाली, "मले सगळं समजलं. दोन महिन्यांपासून तू क्लासले जातच नाहीस." ओट्यावर त्यांच्या घरचा स्टीलचा डबा होता, झाकणावर तिच्या बाबांचं नाव कोरलेला. आत खीर होती. मी डबा पाहिला आणि माझं ठरूनच गेलं. ती खीर द्यायला आली होती आणि बोलून गेली होती. आईला मी काहीही विचारलं नाही. बाबांनी त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढून येत होती, तेव्हा मी वरच्या पायरीवर उभी राहून तिला नको नको ते बोलले. तिने उलट एक शब्द काढला नाही. ते गप्प राहणंच मी तिचा कबुलीजबाब समजले. पुढे थोड्याच दिवसांत तिचे बाबा निवृत्त झाले, ते सगळे कुहीला, त्यांच्या गावाकडे राहायला गेले आणि समोरच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं.

हेच सगळं मी चार सीनमध्ये बसवलं होतं. पहिल्यात मी बसमध्ये तिला गुपित सांगते. दुसऱ्यात दसऱ्याच्या दुपारी चार वाजता ती डबा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येते आणि आईजवळ बोलून जाते. तिसरा जिन्यातला, भांडणाचा. चौथ्यात काही वर्षांनी ती दारात येते, माफी मागते, मी मोठ्या मनाने तिला जवळ घेते आणि पडदा काळा होतो.

आमची टीम तिघांची. कॅमेरा करणारा मित्र शहरातल्या जरीपटक्याचा. त्यांचं कापडाचं दुकान, घरी सिंधी बोलतात आणि आमच्याशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मैत्रिणीचं काम करायला वर्गातली एक मुलगी तयार झाली होती. ती कमी बोलणारी, पण एकदा विचारायला लागली की उत्तर मिळेपर्यंत सोडणारी नाही. माझं काम मीच करणार होते. दिग्दर्शकाने स्वतः उभं राहू नये असं सर म्हणाले होते, पण त्या जिन्यात माझ्याइतकं चिडता येईल असं दुसरं कोण मिळणार होतं?

सहीचं मी दोघांनाही सांगितलं नाही. "मिळून जाईल," म्हणाले आणि तक्ते बनवायला बसले. मला भीती वाटली की मी तक्ते बनवते, लहानपणापासूनची खोड आहे. परीक्षेआधी अभ्यास कमी आणि अभ्यासाचं वेळापत्रक जास्त व्हायचं माझं. या वेळी तक्ता कंटिन्युटीचा होता. शूटिंग मागेपुढे होतं, म्हणून प्रत्येक सीनचा वार, वेळ, कोण काय घालून आहे, कोणाच्या हातात काय आहे हे आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे एका सीनमध्ये बांधलेले केस लगेच पुढच्या सीनमध्ये मोकळे दिसत नाहीत. माझे रकाने सुबक होते, रंगीत पेनांनी आखलेले. फक्त कपड्यांचा रकाना रिकामा होता, कारण कपडे जो तो आपल्या घरून आणणार होता.

एका रविवारी तिघं कोराडीला गेलो, जागा बघायला आणि तालीम करायला. आई-बाबा अजून त्याच क्वार्टरमध्ये राहतात, त्यामुळे जिन्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागणार नव्हती. कॅमेरावाल्याला जिन्याच्या जाळीतून वीज केंद्राची चिमणी दिसली आणि तो हरखला. "भाई, इतका मोठा सेट फुकटमध्ये भेटते काय," म्हणत तो पायऱ्यांवर आडवा झोपून कोन शोधायला लागला. मी वर उभी राहिले. ती मुलगी सहा पायऱ्या खाली.

स्क्रिप्टमध्ये माझं वाक्य होतं, 'तुझ्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक.' पाठ होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते दुसरंच. "तुम्हा लोकांवर भरोसाच नाही करायले पाहिजे होता."

जिन्यात आवाज घुमला. कॅमेरावाला खालून म्हणाला, "हे वालं चांगलं आहे. एकदम रिअल वाटते. हेच ठेव."

ती मुलगी हलली नाही. तिच्याही घरचे बौद्धच आहेत, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी ते मला फार जास्त माहीत झालं.

"हे लिहिलेलं नाही आहे," ती म्हणाली.

"नाही."

"तेव्हा तू हेच म्हटलं होतं का?"

"रागात होती मी तेव्हा," मी म्हणाले. ते वाक्य मी लिहिताना वगळलं होतं, असंही नाही. ते मला आठवतच नव्हतं. आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, हे आज विचाराल तर मी खात्रीने सांगू शकणार नाही. ती पायरीवर बसली आणि तिने माझा तक्ता मांडीवर घेतला.

"माझे कपडे सांग. या सीनले काय घालून होती ती?"

हे मात्र मला लख्ख दिसत होतं. "पांढरा पंजाबी ड्रेस. पार चुरगळलेला. चपला हातात घेतल्या होत्या, पाय सुजले असतील म्हणून. आणि इथे बिल्ला होता."

"कशाचा बिल्ला?"

"स्वयंसेवकांचा नसतो का, दीक्षाभूमीवरचा. नववीपासून ती दरवर्षी दसऱ्याला तिथे पाण्याच्या स्टॉलवर..."

मी थांबले. ती मुलगी तक्त्यातच पाहत होती.

"सकाळी किती वाजता आली?"

"नऊ."

"म्हणजे आदल्या दिवशी पूर्ण दिवस तिथेच होती. मीही करते ना ती ड्युटी. मधात घरी येता येत नाही, इतकी गर्दी असते." तिने दुसऱ्या सीनच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मग दसऱ्याच्या दिवशी चार वाजता ती तुझ्या आईच्या किचनमध्ये कशी आली?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही, हेच तर वाईट. दरवर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यांच्याकडे कुहीहून पाहुणे यायचे, हॉलभर सतरंज्या पडायच्या, पांढऱ्या कपड्यांना इस्त्री चालायची. दसऱ्याला सकाळीच सगळे निघून जायचे आणि दाराला कुलूप. आम्ही बिल्डिंगभर सोनं वाटायचो ते तेवढं एक दार सोडून. त्या संध्याकाळीसुद्धा मी हातात आपट्याची पानं घेऊन त्या कुलपाच्या समोरून घरात शिरले होते. आमच्या घरी दसरा म्हणून तो सगळ्यांच्याच घरी दसरा, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलेलं असणार. आणि दुसरा सीन मी मनात इतक्या वेळा पाहिला होता की त्यात तिने लाल कुर्ता घातला होता, हेसुद्धा मला ठाऊक होतं.

आत आई चहा करत होती. मी दारातच विचारलं, "आई, त्या दसऱ्याले माझ्या क्लासचं तुले कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगंन? क्लासमधून मेसेज आला होता ना बाबाच्या मोबाइलवर. गैरहजेरीचा. दुपारी जेवण झाल्यावर वाचला त्यायनं."

"आणि खिरीचा डबा?"

"तो तिची माय सकाळीच देऊन गेली. निघता निघता. काहून वं?"

"मग तू मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं कधी?" आई गाळणीतला चोथा झटकत म्हणाली. "तुमचं बोलणं बंद झालं ते दिसत होतं मले. वाटलं, पोरी मोठ्या झाल्या, आपापल्या मार्गाले लागल्या."

मी चहाचे कप बाहेर नेले. साडेतीन वर्षं मी फुगून बसले होते, आणि एका साध्या प्रश्नाने ते सगळं संपलं असतं. इतका राग कशावर तरी काढावा असं वाटत होतं आणि काढायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी दोघांना सहीचंही सांगून टाकलं. कॅमेरावाल्याकडे उपाय तयार होता. "टेन्शन नको घेऊ. दसरा काढ, कॉलनी काढ, दोन मुलींच्या जागी दोन मुलं टाक. सरले सांग, फिक्शन आहे. सहीची झंझटच खतम." त्याचं चूक नव्हतं. त्यालाही निकाल हवा होता. ती मुलगी खिडकीबाहेर बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "दुसरा सीन खोटा आहे. मी तो करणार नाही."

पुढचे चार दिवस मी फिक्शनचा गंभीरपणे विचार केला. दोन मुलं, क्रिकेटची बॅट, एक गैरसमज, शेवटी मिठी. एका बैठकीत लिहून झालं असतं. मी बसलेही लिहायला. पण प्रत्येक वेळी कोणीतरी जिना चढायला लागायचं, आणि त्याच्या छातीवर बिल्ला असायचा. निकाल अडकला तर बाबांना काय सांगू, ही एक भीती. तिला भेटले तर ती काय म्हणेल, ही दुसरी. दुसरी मोठी होती हे मला आवडलं नाही, पण होती.

शेवटी मी मेसेज पाठवला. 'मले तुले भेटायचं आहे. माझी चूक झाली होती.' निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मात्र दोन दिवस नाही. त्या दोन दिवसांत मी मोबाइल इतक्या वेळा उघडून पाहिला की बॅटरी दुपारीच मान टाकायची. मग आलं. 'कुहीले ये. दीड ते दोन जेवणाची सुट्टी असते.' खाली रक्त तपासायच्या लॅबचा पत्ता. ती तिथे कामाला लागली होती.

अर्धा तास. मी अर्थातच त्याचाही तक्ता केला. पाच मिनिटं विचारपूस, दहा मिनिटं पुरावा, पाच मिनिटं माफी, बाकी तिच्यासाठी. फाइलमध्ये कंटिन्युटीचा तक्ता ठेवला आणि त्याच्या खाली तो फॉर्म. सगळं नीट झालं तर काढू, असं ठरवलं. असं ठरवल्याची लाज वाटली. तरी फॉर्म फाइलमधून काढला नाही.

कुहीची बस निघाली. धान केव्हाच निघून गेलेल्या बांध्या, भाताची खाचरं, कोरड्या पडल्या होत्या, मधेच एखादं हरभऱ्याचं हिरवं शेत. मी मनात पहिलं वाक्य घोकत होते आणि स्टँडवर उतरेपर्यंत ते विसरूनही गेले.

लॅबच्या बाहेर बाकडं होतं. ती तिथेच जेवत होती. मला पाहून तिने डबा बंद करून बाजूला ठेवला. जेवणाऱ्याने समोरच्याला 'ये, जेव' म्हणायचं ही आपल्याकडची साधी रीत. ती म्हणाली नाही. मग म्हणाली, "केस काहून कापले?"

"असंच."

"चांगले होते."

विचारपूस एवढीच झाली. मी घाईघाईने फाइल उघडली आणि तक्ता तिच्यापुढे धरला. हा तिसरा सीन, हे तुझे कपडे, हा बिल्ला, म्हणजे दुसऱ्या सीनमध्ये तू असूच शकत नव्हतीस, क्लासचा मेसेज आला होता, आईने सांगितलं, डबा तर काकूंनी सकाळीच दिला होता. मी भराभर बोलत होते, वकिलासारखी. तिने तक्ता हातात घेतला आणि रोजचे रिपोर्ट तपासावेत तसा वरपासून खालपर्यंत वाचला.

"तू बनवला?"

"हो."

"छान बनवला."

"मी तुझ्यावर खोटा आळ घेतला," मी म्हणाले. "मले माफ कर."

"तो खोटा होता, हे मले तर तेव्हाच माहीत होतं ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "बिल्ला लावून उभी होती मी तुझ्यासमोर. तू बोलून राहिली होती अन् मी म्हणून राहिली होती मनात, आता दिसंन हिले, आता दिसंन."

तिने तक्ता माझ्याकडे परत दिला.

"तक्ता ठेव बाजूले. एक सांग. समज, मी खरंच सांगितलं असतं तुझ्या आईले. मग तू जे बोलली ते बरोबर झालं असतं का?"

कोणतं वाक्य, हे मी विचारलं नाही. मी सगळ्याची तयारी करून गेले होते. ती रडेल, चिडेल, भेटणारच नाही, या सगळ्याची. या प्रश्नाची नव्हती. आळ पुसला की ते वाक्यही त्याच्याबरोबर आपोआप पुसलं जाईल, असं मी धरून चालले होते. "रागात..." मी सुरू केलं आणि माझा आवाज मलाच जिन्यातल्यासारखा ऐकू आला. मी थांबले.

"नाही," मी म्हणाले. "ते कधीच बरोबर झालं नसतं. ते रागामुळे नाही आलं. ते आत होतं, म्हणून आलं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत होतो.

"जिन्यात माझ्या मागे माय होती," ती म्हणाली. "तिच्या मागे मामी. दोन दिवसाच्या थकलेल्या, हाताला सामान. मायनं घरात आल्यावर विचारलं, ही पोरगी आपल्याले काहून असं बोलली? मी सांगितलं, झोप नसंन झाली तिची. तुझी बाजू घेतली मी, पाहा. मायले ते काही पटलं नाही. तिनं पुन्हा कधी तुमच्या घरी डबा नाही दिला."

मला रडू आलं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. मी फाइल मांडीवर ओढून घेतली.

"आणखी काय आहे त्याच्यात?" तिने फाइलकडे बोट दाखवलं. फॉर्मचा कोपरा बाहेर आला होता. मी काढून दाखवला आणि फिल्मचं सगळं सांगितलं.

"म्हणजे याच्यासाठी आली."

"फिल्ममुळे समजलं. याच्यासाठी नाही आली."

"मग आणला काहून?"

मी फॉर्मची घडी घातली. तिने विचारलं, "शेवटी काय होते फिल्ममध्ये?"

"तू येते. माझी माफी मागते."

ती हसली. त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा, आणि अगदी जुनंच हसू, बसमध्ये आम्ही कंडक्टरवर हसायचो तसलं. "मी मागते? वा वं."

दोन वाजले होते. एक म्हातारे गृहस्थ डॉक्टरची चिठ्ठी घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. तिने त्यांना आत बसायला सांगितलं आणि डबा उचलला.

"सही मी नाही करत आज."

"मी मागत नाही."

"अडकंन ना तुझं?"

"अडकू दे," मी म्हणाले. "मी पुन्हा येऊ का?"

ती आत वळता वळता थांबली. "रविवारी ये. रविवारी माय घरी असते. तिच्यासमोर बोलली होती तू."

आज शुक्रवार. सरांना मी मुदत वाढवून मागितली आहे, ते 'बघू' म्हणालेत. कॅमेरावाला माझ्याशी तुटक बोलतो आहे. त्या मुलीला मी कुहीचं सगळं सांगितलं, जिन्यातल्या तालमीबद्दल तिचीही माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि फिल्म झाली तर काम करीन म्हणाली. चार सीनपैकी माझ्याकडे पहिला आणि तिसरा असे दोनच उरले आहेत, आणि रविवारी काकू दार उघडतील की नाही याच्या विचाराने मला धड जेवण जात नाही.

आईला मी कालपर्यंत अर्धंच सांगितलं होतं, आळाचं. आज दुपारी कोराडीला घरी आले, आणि ती मेथी निवडत बसली होती तेव्हा मी तिला ते वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं.

तिचे हात थांबले. "असं बोलली तू त्यायले? आमच्या घरात कोणी असं शिकवलं तुले?"

"शिकवलं नाही, आई. ऐकलेलं होतं. इथेच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मेथीकडे. कोण कधी काय म्हणालं होतं, हे मी तिला सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. तिने उरलेली जुडी निवडून संपवली. देठं गोळा करून उठली, ओट्याशी गेली आणि तिकडे तोंड करूनच म्हणाली, "रविवारी किती वाजताची बस आहे?"